तात्यांचं गाऱ्हाणं

आमच्या घरात देव तात्यांचा होता आणि अक्षरं बाबांची. दोघं सख्खे भाऊ, एकाच गावातून, एकाच बोटीतून मुंबईला आलेले. पण तात्या गिरणीत गेले आणि बाबा छापखान्यात, आणि तिथून दोघांच्या वाटा फुटल्या त्या फुटल्याच. तात्यांनी गिरणी सोडल्यावर ते आमच्याकडे मरोळला राहायला आले. बैठी चाळ, वर पत्रे, पुढे ओटा, ओट्यापुढे भाताची खाचरं आणि खाचरांपलीकडे ख्रिस्ती लोकांचं जुनं गाव. दुपारी खाणीत सुरुंग उडायचा, त्याने आमच्या फळीवरची पितळी भांडी क्षणभर थरथरायची आणि आई त्यांच्याकडे न बघताच म्हणायची, "जेवण झाला की नाय अजून तुमचा?" तेच आमचं घड्याळ.

बाबा अंधेरी स्टेशनाजवळच्या एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवायचे. छापताना बिघडलेले कागद ते घरी आणत. त्यामुळे आमच्या घरातली प्रत्येक फळी, प्रत्येक डबा, भाकरीचं प्रत्येक टोपलं पत्रकांनी मढवलेलं असे. लाल, पिवळे, गुलाबी पातळ कागद. कामगारांच्या सभा, दारूबंदीची व्याख्यानं, सहकारी दुकानांची आवाहनं, निवडणुकीतल्या एकमेकांवरच्या तोफा. मी वाचायला शिकलो तो धड्यांवर नाही, या पत्रकांवर. म्हणून मला फार दिवस असंच वाटे की लिहिणं म्हणजे ओरडणं, आणि ज्या वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह नाही ते वाक्य भित्र्या माणसाचं. घरातही मी तसाच बोलायचो. आमटी अळणी झाली तरी तीवर माझं भाषण व्हायचं. आई पळीने ताटाच्या कडेवर टक् करायची आणि म्हणायची, "सभा संपली काय? मगे भात घे." आज माझ्या लिखाणाला कुणी जहाल म्हणतं तेव्हा मला ती पळी ऐकू येते.

फौजेत जायचं माझ्या मनात कधी आलं ते नेमकं सांगता येत नाही. ते हळूहळू उगवलं, उन्हं वर यावीत तसं. देश आमच्या डोळ्यांदेखत आमचा झाला होता. मी ज्या पत्रकांवर वाढलो त्यांत रोज कुणी तरी कुणाला तरी सांगत होतं की हा देश तुझा आहे. मग त्याची राखण मात्र दुसऱ्या कुणाच्या पोरांनी करायची आणि आपण अंधेरीच्या मैदानात टाळ्या वाजवायच्या, हे मला पटेना. एके दिवशी जेवताना मी हे सांगून टाकलं, अर्थातच उभा राहून. बाबांनी घास खाली ठेवला. बाबा घरातही छापील मराठी बोलायचे. मालवणी त्यांनी मुंबईला आल्यावर ठरवून सोडली होती, देव सोडला त्याच सुमाराला. ते म्हणाले, "माझं मत तू जाऊ नयेस असं आहे. जिवाच्या भीतीने नव्हे. फौजेत हुकूम असतो, आणि हुकमाला कारण नसतं. तुला कारण सांगितल्याशिवाय तू पाणीसुद्धा पीत नाहीस. तू तिथे एक तर मोडशील, नाही तर बदलशील. दोन्ही मला नको आहे."

आईने तात्यांकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. तात्यांचा एकुलता मुलगा, माझा दत्ताराम दादा, महायुद्धात फौजेत गेला होता आणि ब्रह्मदेशातून परत आला नव्हता. कुठे पडला, कसा पडला, काही कळलं नाही. तात्यांची बायको त्या दुःखात गेली. आमच्या घरात दादाचं नाव कुणी टाळत नसे, पण काढतही नसे. तो पुढच्या खोलीत निजलाय आणि त्याची झोप मोडायची नाही, असं काहीसं होतं. तात्यांनी ताटातला भात संपवला, ताटात पाणी ओतलं, ते प्यायले आणि ओट्यावर जाऊन बसले. मला वाटलं, आता हे चार दिवस बोलणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी मला हलवून उठवलं. त्यांच्या हातात कप होता. दुधात कच्चं अंडं फेटलेलं. "पी," ते म्हणाले. "फौजेक असली काडी चालाची नाय."

त्यानंतरचे महिने मला आजही सलग दिवसांसारखे आठवत नाहीत. धुक्यात पाहिलेल्या एखाद्या लांबलचक सकाळीसारखे आठवतात. थंडी होती, भात कापून झाला होता, खाचरं मोकळी पडली होती. मी अनवाणी धावत निघायचो, बांधावरून, ताडांच्या रांगेखालून, गल्लीच्या तोंडाशी फुलं वाहिलेल्या क्रुसावरून, थेट लेण्यांच्या टेकडीपर्यंत. टेकडीवर पोचलो की खाली सगळं मरोळ पांढऱ्या दुलईत असायचं, फक्त ताडांचे शेंडे आणि चर्चचं टोक वर. विमानतळावरून एखादं विमान उठायचं आणि त्या पांढऱ्यातून इतकं संथ वर यायचं की ते उडतंय यापेक्षा कुणी तरी हातावर घेऊन उचलतंय असं वाटायचं. मी लेण्यांच्या थंड दगडी ओट्यावर आडवा होऊन घाम वाळवायचो आणि सरहद्द कशी असेल ते बघायचो. ती मला नेहमी या खाचरांसारखीच दिसायची. एक बांध, बांधावर मी, आणि समोर धुकं. शत्रू त्या चित्रात कधी आलाच नाही. तो आला असता तर मी त्याच्याशी आधी वाद घातला असता.

माझी खरी अडचण छातीची होती. उंची होती, नजर होती, पण छाती म्हणजे बाबांच्या भाषेत छापील पानाच्या समासासारखी, नुसती कोरी आणि अरुंद. भरतीच्या वेळी छाती आधी साधी मोजतात, मग श्वास भरून मोजतात, आणि दोन्हींत पुरेसा फरक पडला नाही तर फाटकावरूनच घरी पाठवतात, हे मला पास्कूमामांनी सांगितलं. पास्कूमामा खाचरांपलीकडच्या ख्रिस्ती गावातले. शेती करायचे, आणि त्याआधी फौजेच्या बँडमध्ये होते. आता ते लग्नांत वाजवायचे. त्यांच्याकडे एक प्रचंड पितळी वाद्य होतं, अंगाला अजगरासारखं वेटोळं घालून वर तोंड उघडणारं. त्याला इंग्रजी नाव होतं, पण आम्ही त्याला भोंगाच म्हणायचो.

"छाती पायजे ना तुला?" पास्कूमामा म्हणाले आणि त्यांनी तो भोंगा माझ्या मांडीवर आणून ठेवला. "फुंक."

मी फुंकलं. नुसती हवा निघाली.

"अरे, चूल फुंकतो काय? पोटातून काढ. असं समज, बापाशी भांडतोयस."

मी बापाशी भांडतोय असं समजून फुंकलं आणि त्यातून जो आवाज निघाला तो ऐकून त्यांच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. स्वयंपाकघरातून त्यांची बायको, नातालमावशी, धावत आली. "कोण मेला रे?"

"कोण नाय मेला, सोल्जर जन्माला आला!" पास्कूमामा म्हणाले.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात तो भोंगा फुंकायचो. सूर मला कधीच आला नाही, आणि त्याची कुणाला अपेक्षाही नव्हती. गावातल्या बायका म्हणायच्या, "आला वाटतं म्हशीवाला." पण हळूहळू एक नवल व्हायला लागलं. तो एकच जाड सूर मी लांब, आणखी लांब धरायला शिकलो. डोळे मिटले की तो सूर माझ्या बरगड्यांतून निघून खाचरांवर पसरत जाताना मला दिसायचा, अंधार पसरतो तसा, घाई न करता. दिवे लागायचे. नातालमावशी तळलेले गरम फुगे केळीच्या पानावर द्यायची. तोंडात तो गोडसर, ताडीने फुगवलेला मैदा आणि ओठांवर पितळेची कडवट चव. पुढे आयुष्यात मी बरंच चांगलंचुंगलं खाल्लं, पण तरुणपण म्हटलं की माझ्या जिभेला अजून हीच चव आठवते.

पास्कूमामांनी मला चालायलाही शिकवलं. फौजेतली चाल ते सनईसारख्या एका लहान काळ्या वाद्यावर वाजवायचे आणि मी बांधावरून जायचो. ते पुढे, मी मागे, दोघांच्या मागे त्यांचं कुत्रं. कधी कधी त्यांना विसर पडायचा आणि फौजेच्या चालीतून ते नकळत लग्नाच्या चालीत शिरायचे. मग माझे पाय आपोआप डुलायला लागायचे, आणि भाजीच्या मळ्यात काम करणाऱ्या पोरी तोंडाला पदर लावायच्या. "कुणाची वरात रे वासू?" मी भडकायचो. मला वाटे, देशासाठी मरायला निघालेल्या माणसाची ही थट्टा! आज मला त्या पोरींची नावं आठवत नाहीत याचं वाईट वाटतं.

राहिला हुकूम. बाबांचं बोलणं मला लागलं होतं. म्हणून मी मनाशी नेम केला की घरात जो कुणी जे सांगेल ते कारण न विचारता करायचं. विहिरीवर जा, गेलो. वाटण वाट, वाटलं. बाजारातून बांगडे आण, आणले. लहान आहेत, परत देऊन ये, परत देऊन आलो. पहिल्या आठवड्यात आईला वाटलं मला ताप आहे. दुसऱ्या आठवड्यात तिला नेम कळला आणि मग तिने दया केली नाही. तात्यांना तर या खेळाची गोडीच लागली. ओट्यावर बसून ते हुकूम सोडायचे, "उजवीकडे फीर! डावीकडे फीर! आता माझी तपकिरीची डबी हाड!" मी फिरायचो, डबी आणायचो. बाबा कामावरून येऊन दारात उभे राहून हे बघायचे. एकदा ते म्हणाले, "छान. आता 'हो' म्हणायला शिकलास. 'नाही' विसरू नकोस म्हणजे झालं." मी 'हो' म्हणालो. कारण न विचारण्याचा नेम होता.

रविवारी सकाळी तात्या मला ओट्यावर उताणा पाडून खोबरेल चोळायचे. गिरणीत सूत हाताळून त्यांच्या बोटांची कातडी वेगळीच गुळगुळीत झाली होती. ती बोटं बरगड्यांवरून जाताना मला गुंगी यायची. वर पत्र्यावर चिमण्या, आतून कुळथाच्या पिठीचा वास, लांब कुठे तरी चर्चची घंटा. चोळून झालं की ते वितीने माझी छाती मोजायचे. दोन विती झाल्यावर उरलेल्या जागेत ते बोटं ठेवायचे, आणि जितकी जास्त बोटं मावतील तितकं त्यांचं तोंड गंभीर व्हायचं. "भरता हा," ते म्हणायचे. "भरता हा रे मेल्या." मला वाटायचं, हे अभिमानाने गंभीर होतात.

भरतीला जायच्या आदल्या दिवशी तात्यांनी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्या कोकणात कुठल्याही मोठ्या कामाआधी घरातला वडीलधारा देवासमोर नारळ ठेवतो आणि मोठ्या आवाजात, साध्या बोलीत, देवाला काय हवं ते सांगतो. तो एकेक मागणी करतो आणि भोवती जमलेली माणसं प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकाचं मागणं, सगळ्यांचा होकार. तेव्हाच ते देवाला पोचतं. मी देव मानत नव्हतो, आणि हे मी आधीच जाहीर केलेलं होतं. पण तात्यांचं मन मोडायला नको म्हणून हजर राहायचं कबूल केलं. बाबा मात्र तत्त्वाला धरून ओट्यावर पाठ करून बसले, मांडीवर वर्तमानपत्र.

चाळीतली चार-सहा घरं जमली. पास्कूमामाही आले, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्या छातीवर आपलाही हक्क आहे असं त्यांना वाटत असावं. आईने नारळासाठी पाट मांडला, रांगोळी घातली, उदबत्ती लावली. तात्यांनी डोक्याला पांढरा रुमाल बांधला, पाटासमोर उभे राहिले, हात जोडले आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. रोजचे तात्या ते नव्हतेच. गावच्या देवळात उभा राहिलेला कुणी तरी जुना माणूस होता तो.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या गावातसून उठान आमी हय मरोळच्या माळार इलंव, तरी तुझी सावली आमच्या डोक्यार हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"वर्सभरात काय चुकला आसात, माकला आसात, ता पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चाळीतल्या बायलमाणसांका, पोराटोरांका सुखात ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो पास्कू. ह्येचो देव येगळो. तरी ह्येचोय संसार सांबाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सर्वांत मोठा आवाज पास्कूमामांचा.

मी गप्प उभं राहायचं ठरवलं होतं. पण ज्याने लहानपणापासून गाऱ्हाणं ऐकलंय त्यालाच ते कळेल. ती लय माणसाला विचारत नाही. झोपाळ्यावर बसल्यावर पाय जसे आपोआप हलतात तसं तोंड हलायला लागतं. तिसऱ्या होकाराला मी त्यात सामील झालो होतो, आणि मला ते कळलंही नव्हतं.

"आमच्या वासूक उद्या फौजेचे लोक बघतले. त्येच्या अंगात बळ दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या डोळ्याक धार दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि त्येका फाटकाकडसून माघारी धाडून दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं. आईने म्हटलं, शेजाऱ्यांनी म्हटलं, पास्कूमामांनी म्हटलं. मी म्हटलं, चांगलं पोटातून, भोंग्यावर कमावलेल्या छातीने.

मग उदबत्तीची राख पडली ती दिसली. पत्र्यावर कावळा चालत गेला. पहिले पास्कूमामा भानावर आले. "आयला," ते म्हणाले, "मी पण बोललो रे!" आणि मग घाईघाईने, "तात्या, माझं मोजू नका हां. मी ख्रिस्ती माणूस. माझं तिकडे चालत नाय."

मागे कुणी तरी फिस्स केलं, पण आईकडे बघून थांबलं. आई म्हणाली, "तात्यांनू, ह्या काय मागलास?"

"जा मागूचा होता ता मागलंय," तात्या म्हणाले. ते अजून पाटाकडेच बघत होते. "तुमी सगळ्यांनी व्हय म्हटलास. वासूनपण म्हटल्यान. आता झाला."

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी देव मानत नव्हतो, त्यामुळे त्या मागणीने काही बिघडणार नव्हतं. हे मला कळत होतं. तरी मला वाटत होतं, उद्या फीत छातीवर आली की माझा श्वास आतूनच अडेल, कारण मी स्वतः होकार दिलाय. इतक्या पत्रकांवर वाढलेला मी, आणि माझ्या तोंडून माझ्याच विरुद्ध घोषणा निघाली होती. आईचा तो "व्हय" सवयीचा होता की मनातला, हे मी तिला पुढे कधीच विचारलं नाही.

बाबा आत आले. हातात वर्तमानपत्र तसंच. "दादा," ते आपल्या थोरल्या भावाला म्हणाले, "हा ठराव रीतीला धरून नाही."

"ही काय तुझी सभा नाय," तात्या म्हणाले. "देवाचा काम हा."

"मग देवाला तरी फसवू नकोस. लोक 'हो, हो' म्हणत होते त्या भरात तू आपलं मागणं घुसडलंस. हे लबाड पुढारी करतात. पोराची माघारी यायची तयारी नाही, आणि तू होकार त्याच्याच तोंडून काढून घेतलास." बाबांचा आवाज चढला नव्हता, छापखान्यात चूक दाखवतात तसं ते बोलत होते. "त्याने जाऊ नये असं मलाही वाटतं. पण ते मी त्याच्या समोर म्हटलंय. तू पुन्हा घाल. सावकाश घाल. ज्याला 'नाही' म्हणायचं असेल त्याला म्हणू दे."

गाऱ्हाण्याला कुणी "नाही" म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ते कसं म्हणायचं असतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आता तात्या रुमाल सोडतील आणि बाहेर निघून जातील. पण त्यांनी पुन्हा हात जोडले. या वेळी त्या जुन्या देवळातला आवाज आला नाही. रोजचेच तात्या बोलले, ओट्यावर बसून बोलायचे तसे.

"म्हाराजा, दत्तारामाच्या येळाक मी असोच तुझ्याफुडे उभो रवलंय. त्येका बळ मागलंय. हुशारी मागलंय. तू दिलंस. सगळा दिलंस. त्येका माघारी धाड म्हणान मागूक मी इसरलंय."

होकार द्यायचा की नाही हेच कुणाला कळेना.

"ह्या येळाक माका इसरूचा नाय होता," तात्या म्हणाले. "म्हणान मागलंय. परत मागतंय. आमच्या वासूक फाटकाकडसून माघारी धाड म्हाराजा."

आता सगळे माझ्याकडे बघत होते. तात्या तेवढे बघत नव्हते. त्यांच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. मी पुढे फार लिहिलं, फार ठिकाणी "नाही" म्हटलं, त्यातल्या काहींची किंमतही मोजली. पण त्या सगळ्या वेळी समोर कुणी तरी मोठा, माजलेला माणूस होता. ते सोपं असतं. इथे समोर माझ्या अंगाला तेल लावणारा माणूस हात जोडून उभा होता, आणि तो मागत होता ते माझ्या भल्याचंच होतं. मला वाटलं, गप्प राहावं. गप्प राहिलो तर उद्या जायला मोकळा आहेच. पण मग मी चोरून गेल्यासारखा गेलो असतो, त्यांच्या मागणीला पाठ दाखवून. मी श्वास घेतला.

"नाय म्हाराजा," मी म्हणालो.

आवाज फार लहान निघाला. पण निघाला. आईने पदर तोंडाला लावला. तात्यांनी मान हलवली, एखादी गोष्ट नीट ऐकू आल्यावर हलवतात तशी. नंतर ते बोलले ते देवाशीच, पण जरासं तक्रारीच्या सुरात, गावातल्या एका म्हाताऱ्याने दुसऱ्याला सांगावं तसं.

"आयकलंस म्हाराजा? पोर नाय म्हणता. त्येची छाती मी बघलंय, भरली हा. त्येका आता कोण आडवतलो? मगे त्येका जाऊ दी. पण जाऊ दिलंस तर परत घेवन येवची जबाबदारी तुझी म्हाराजा. माझी नाय. तुझी."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी एका दमात म्हटलं. मीही म्हटलं. देव न मानता म्हटलं. त्याचा खुलासा माझ्याजवळ आजही नाही, आणि मला तो शोधायचाही नाही. आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, अर्धा श्वास मागाहून, आणखी एक आवाज आला. लयीत नव्हता. ज्याने ती बोली आणि तो शब्द कित्येक वर्षांत तोंडात घेतला नव्हता, त्याचा होता. मी वळून पाहिलं तेव्हा बाबा वर्तमानपत्राची घडी घालत होते, फार काळजीपूर्वक.

दुसऱ्या दिवशी मला घेतलं. शहरातल्या एका उघड्या मैदानात आम्ही पोरं अर्ध्या चड्ड्यांवर रांगेत उभे होतो, आणि डॉक्टरने माझ्या छातीला फीत लावून "फुगव" म्हटल्यावर मी इतका श्वास भरला की तो हसला आणि "बस, बस" म्हणाला. सामान आणायला चार दिवसांची मुभा मिळाली. संध्याकाळी मी घरी परतलो. खाचरांत ऊन तिरपं झालं होतं, पास्कूमामांच्या अंगणातून मला हाका येत होत्या, पण मी आधी ओट्याकडे गेलो. तात्या एकटेच बसले होते, सुपातल्या कुळथातले खडे वेचत. मी समोर उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. पुन्हा सुपाकडे बघत त्यांनी दोन खडे काढले.

"जेवाक काय देतत थय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, तात्या."

"इचारूक नाय?"

"नाही."

"कप्पाळ माझा! छाती फुगवन दाखवलंस आणि जेवणाचा इचारूक नाय. कसलो शिपाय तू?" त्यांनी सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत तोंड करून ओरडले, "गो वासूच्या आवशी, ह्येका आधी वाढ बघया. आणि ताट मोठा घे."